एकावन्न कमळांनी माना टाकल्या

ढाणकी,
आषाढी पौर्णिमेनंतरचा दुसरा गुरुवार

आदरणीय आक्का, मुक्काम मारेगाव, यांस धाकटी भावजय सत्यशीला हिचा सविनय जयभीम.

तुमचे गुडघे कसे आहेत? मागे पाठवलेलं निरगुडीचं तेल लावता, की कोनाड्यात ठेवून नुसतं त्याच्याकडे पाहता? (बाटली परत पाठवायची आहे, विसरू नका. झाकणासह.) कानाचं मशीन डॉक्टरांनी बदलून दिलं असेल तर फार चांगलं, नसेल दिलं तर हे पत्र लिहिण्याचा माझा निर्णय योग्यच म्हणायचा. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. सगळे म्हणजे मी, तुमचे बंधू, आणि ओसरीवरचं ते मशीन. या तिघांपैकी खरं कोण खुशाल आहे ते पुढे वाचून तुम्हीच ठरवा.

पत्र काहून, फोन का नाही, असं तुम्ही विचाराल. आमच्या घरी फोनला रेंज फक्त ओसरीवर मिळते आणि ओसरीवर हे बसलेले असतात. गेले बारा दिवस तिथेच बसलेले आहेत. शेजारच्या मानीबाई उद्या सकाळच्या गाडीनं लेकीकडे मारेगावलाच निघाल्या आहेत, त्यांच्या पिशवीत हे पाकीट देते. त्यांना चहा पाजा, पण पत्रात काय आहे ते सांगू नका. त्यांना बरंचसं माहीत आहेच, राहिलेलं त्या तुमच्या चेहऱ्यावरून काढतील.

तर आक्का, सोमवारी तुम्ही यांना फोन केला. "भीमराज, तुले रिकामपण सोसत नाही काय? इकून टाक ते यंतर, अन् चूप घरी बस!" असं तुम्ही म्हणालात. तुम्ही फोनवर बोललात की फोन कानाला लावायची गरज पडत नाही, मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते आणि मला शब्दन् शब्द ऐकू आला. यांनी मान डोलावली (फोनवर मान डोलावून काय होतं ते तेच जाणोत) आणि संध्याकाळी पुसदच्या एका माणसाशी बोलणं पक्कं केलं. तो रविवारी सकाळी दहा वाजता टेम्पो घेऊन येणार आणि मशीन उचलून नेणार. तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटलेलं आहे. ते मशीन माझ्या घरात राहू नये. मी दहावी पास बाई, मला यंत्रातलं काय कळतं, पण तुमचं म्हणणं किती बरोबर आहे हे पटवण्यासाठी झालेला सगळा प्रकार पहिल्यापासून सांगते. चष्मा लावून घ्या.

तुमच्या भावानं तीस वर्षं कालवा निरीक्षक म्हणून कालव्याच्या काठानं सायकल फिरवली. पाणी वरून खाली जातं आणि शेतकरी ते रात्री आडवं वळवतो, एवढी दोन सत्यं त्यांना नोकरीत कळली. रिटायर झाल्यावर माणसानं काय करावं? वंदनेला बसावं, ग्रंथ वाचावा, बायकोला गहू निवडून द्यावेत. हे नागपूरला गेले आणि कुठल्याशा संस्थेत सहा दिवसांचं प्लॅस्टिकचं प्रशिक्षण घेऊन आले. येताना एक प्रमाणपत्र, एक कापडी पिशवी आणि (तिसऱ्या दिवशी, मालगाडीच्या डब्यातून आल्यासारखं दिसणारं) एक जुनं मशीन आणलं. मशीन म्हणजे काय, तर कमरेएवढं उभं लोखंड. वर नरसाळं, त्यात प्लॅस्टिकचे तुकडे टाकायचे. मध्ये जाड नळी, तिला विजेचा हिटर गुंडाळलेला. बाजूला गरमी किती झाली त्याचे लाल आकडे दाखवणारी डबी. खाली साचा. आणि सगळ्यात वर हापशाला असतो तसा लांब दांडा. प्लॅस्टिक पातळ झालं की दांडा खाली ओढायचा, ते नळीतून साच्यात शिरतं, जरा निवू द्यायचं, साचा उघडायचा. हापशातून निदान पाणी येतं.

आता साचे किती मिळाले ते ऐका. तीन. पहिला आठच्या आकड्याचा. ठिबकच्या नळीचं टोक मुडपून बंद करायला शेतात लागतो ना, तो आठ. दुसरा कमळाचा, देठावर उमललेलं कमळ, मधे खळगा. तिसरा बाहुलीच्या डाव्या हाताचा. फक्त डाव्या. उजव्या हाताचं काय, असं मी विचारलं तर म्हणाले तो विकणाऱ्याला सापडला नाही, सापडला की कळवणार आहे. आक्का, तुमचा भाऊ बाहुलीच्या उजव्या हाताची वाट पाहत अजून बसला आहे.

मशीन आलं त्या दिवशी मी शेवया करत होते. हे पाटाशी येऊन बसले आणि मला शिकवू लागले. प्लॅस्टिक म्हणजे काय, तर माळ. एका वायूचे कण, मोकळे मोकळे, जत्रेतल्या माणसांसारखे हिंडत असतात. कारखान्यात त्यांना दाबतात, तापवतात, आणि त्यात थोडंसं विरजण टाकतात. (विरजण हा शब्द माझा. त्यांनी काहीतरी इंग्रजी सांगितलं होतं, पण थोडंसं घातलं की सगळ्याचं रूप बदलतं म्हणजे विरजणच की.) मग एक कण दुसऱ्याचा हात धरतो, दुसरा तिसऱ्याचा, असे हजारो कण ओळीनं जोडले जातात आणि वायूची माळ होते. अशा लाखो माळा एकमेकींत गुंतल्या की तेलाची कॅन. हे समजवायला त्यांनी माझ्या वाळत घातलेल्या शेवया हातात घेतल्या. थंड असताना शेवया कडक, एकमेकींना अडकलेल्या. गरम पाण्यात टाकल्या की एकीवरून एक घसरते, पातेलं वाकडं केलं तर तिकडे वाहते. निवल्या की जिथे असतील तिथे बसतात. "म्हणून कॅन वितळते, सत्यशीला, अन् तिचं दुसरं काही करता येते." आणि माझ्या पावशेर शेवयांचा चुरा झाला. मी तो झाडून घेतला. उपोसथाचा दिवस होता, राग आवरायचा.

पण खोटं कशाला बोलू, एक गोष्ट माझ्या मनात बसली. माळ्यावर माझ्या अकरा वर्षांच्या तेलाच्या कॅन होत्या. तुम्ही त्यावरून मला किती वेळा बोललात! "सत्यशीला, हे कायले जमवून राह्यली? काय कॅनचा बुद्धविहार बांधतं?" फुकट काही जात नसतं, याचं उत्तर वेळ आल्यावर मिळतं. मी त्या सगळ्या खाली उतरवल्या. आत तेल राहिलेलं असेल म्हणून चांगल्या राखेनं घासल्या, तीन पाण्यानं खळखळून धुतल्या, अडकित्त्यानं सुपारीएवढे तुकडे केले आणि हौसेनं तसेच ओले नरसाळ्यात ओतले. ओल्यानं काय होतं ते मला कोणी सांगितलं नव्हतं. आत दोनशे अंश गरमी. पाण्याची वाफ झाली, वाफेला जागा मिळेना, आणि मशीन थुंकलं, आक्का. तापल्या तव्यावर शिंतोडा उडतो तसं नव्हे, पान खाणाऱ्यासारखं लांब थुंकलं. समोर दोरीवर यांचा पेन्शनच्या कार्यालयात जायचा पांढरा शर्ट होता. त्याच्या खिशावर तेलाची कॅन येऊन बसली ती अजून तिथेच आहे. साच्यात जे उतरलं ते आठच्या आकड्यासारखं दिसत होतं, पण आत बुडबुडे, जाळीदार, अनारशासारखं. तेव्हापासून तुकडे धुतले की पापडासारखे गच्चीवर दोन दिवस कडक वाळवायचे आणि मुठीत घेऊन खळखळ वाजले तरच वापरायचे, हा नियम मी केला. (मी केला, त्यांनी नाही. त्यांच्या प्रमाणपत्रात तो नसावा.)

दुसरा प्रकार याहून वाईट. हे हयातीचा दाखला द्यायला उमरखेडला गेले होते. घरात कुकरचा तुटलेला काळा दांडा पडून होता, सहा वर्षं. प्लॅस्टिकच ना तेही, मी म्हटलं. खलबत्त्यात कुटला आणि नरसाळ्यात टाकला. दोनशे अंश झाले, वितळेना. दोनशे तीस, वितळेना. मी डाळ शिजेना की आच वाढवते तशी वाढवत गेले. दोनशे ऐंशीला त्यातून धूर निघाला, आणि वास कसला म्हणाल तर थेट सरकारी दवाखान्याचा, फरशी पुसलेल्या औषधाचा. मानीबाई कुंपणावरून धावत आल्या, "कोन बिमार हाय व तुमच्या घरी? भाऊंले काही झालं काय?" भाऊ तर हयात असल्याचा दाखला द्यायला गेलेले! मी हिटर बंद केला, पण तोवर आतला दांडा कोळसा होऊन नळीत घट्ट बसला होता. दोन दिवस हे पितळेची सळई घेऊन नळी खरवडत बसले. नवल म्हणजे रागावले नाहीत. रागावले असते तर मी उलट बोलले असते आणि विषय संपला असता. त्याऐवजी त्यांनी मला ओसरीवरच्या बाजेजवळ नेलं आणि पुन्हा शिकवलं.

कुकरचा दांडा शेवयांच्या जातीचा नाही, म्हणाले. त्याच्या माळा पहिल्यांदा तापवताना आडव्या-उभ्या एकमेकींना गाठी मारून टाकतात, बाजेच्या दोरीसारख्या. शेवया घसरतात, बाजेची दोरी कुठे घसरेल? एकदा विणली की विणली. मग तिला कितीही तापवा, ती नरम होत नाही, सरळ जळते. म्हणून तर कुकरला तो दांडा लावतात, नाहीतर वरणाबरोबर दांडाही शिजला असता. नळाच्या करड्या पाइपाचं तर नावच काढू नको, तो तापला की त्यातून आम्ल निघतं, डोळे जातील आणि मशीनही गंजेल. मी सगळं ऐकून घेतलं. आणि मग, आक्का, लिहायला नको पण लिहिते, हे सळई खाली ठेवून हसले आणि म्हणाले, "आपली आक्का कुकरच्या दांड्यासारखी हाय. एकदा बसली की बसली. तापवलं तर जळंन, पर नरम नाही व्हायची." मी म्हटलं, मोठ्या बहिणीबद्दल असं बोलू नये. (पण तुम्हाला कळायला हवं की घरात तुमच्याबद्दल काय बोलतात, म्हणून सांगितलं.)

त्या दिवसापासून मी ठरवलं की आपल्या घरात वस्तू फुकट जायची असेल तर ती निदान दोनदा एकाच चुकीनं जाऊ नये. दुधाच्या हिशोबाची जुनी वही होती, मागची निम्मी पानं कोरी. त्यात गरमी लिहायला लागले. एकशे सत्तर, साचा अर्धाच भरला, कमळाला दोनच पाकळ्या. एकशे नव्वद, भरला, पण पाकळीची कड बोथट. दोनशे दहा, उत्तम. दोनशे चाळीस, पिवळं, जळकट वास. दुधाच्या पिशव्या असल्या तर याहून कमी. साचा लगेच उघडला, तर वस्तू बाहेर येऊन गार होता होता आक्रसते आणि वाकडी होते. साठ आकडे मोजून उघडला, तर सरळ. आकडे मोजण्यात लक्ष राहत नाही म्हणून मी मनातल्या मनात बुद्धवंदना म्हणते. पहिली गाथा तीनदा संपली की साचा उघडायचा, बरोब्बर निघतो. यांना हे जमत नाही, ते मधेच गोष्टी सांगायला लागतात. सकाळची वंदना झाली की हिटर लावायचा, वीस मिनिटांत पोळ्या आटपायच्या, आणि मग जेवणवेळेपर्यंत दांडा ओढायचा, असा माझा क्रम पडला. माझा उजवा दंड आता डाव्यापेक्षा जाड झाला आहे, ब्लाउज शिवणारीनं विचारलं. असल्या मशीनचा मला किती वैताग आहे ते यावरून लक्षात येईल.

आता पौर्णिमेचं सांगते.

कमळाच्या साच्यातून कमळं इतकी सुबक निघायला लागली की ती नुसती ठेवणार कुठे? मधल्या खळग्यात मेणबत्ती अगदी चपखल बसत होती. आषाढी पौर्णिमेला भिक्खूंचा पावसाळी मुक्काम, वर्षावास, सुरू होतो, विहारात भंतेजी येतात, संध्याकाळी सगळ्यांच्या मेणबत्त्या लागतात आणि दर वर्षी त्या वाट्यांत, दगडांवर, कशावरही चिकटवलेल्या असतात. तर आपण एकावन्न कमळं दान करावीत असं ठरलं. अकरा वर्षांच्या कॅनचं दान! यांनी विहार कमिटीला शब्द दिला, भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं नाव लागलं. आम्ही आठ दिवसांत एकावन्न ओतली. मेणबत्ती लावून चाचणीही झाली होती, पण ती पुरी झाली नव्हती. (कशी, ते इथे सांगत बसत नाही, पत्र लांबतं.)

पौर्णिमेला पांढऱ्या चादरीच्या टेबलावर एकावन्न कमळं मांडली. सगळा विहार उजळला, आक्का. बायका एकमेकींना कोपर मारून दाखवत होत्या. मी पांढरं पातळ नेसून पहिल्या रांगेत बसले होते आणि माझ्या मनात अहंकार आला हे मी कबूल करते. त्रिशरण झालं, पंचशील झालं, भंतेजींची देसना, म्हणजे प्रवचन, सुरू झाली. विषय होता अनित्य, म्हणजे निर्माण झालेलं सगळं बदलतं, टिकत नाही. देसना नेहमी अर्धा तास असते. त्या दिवशी भंतेजींना विषय चढला. सव्वा तास झाला तशा मेणबत्त्या जळत जळत कमळाच्या खळग्यापाशी आल्या, आणि मी सांगितलंच आहे की तेलाची कॅन शेवयांच्या जातीची. तिला आपण तापवून वळवलं म्हणजे ती कायमची वळली असं नव्हे. पुन्हा ऊब मिळाली की ती पुन्हा सैल होते. उजवीकडच्या पहिल्या कमळानं मान टाकली. मग दुसऱ्यानं. मग एकावन्नच्या एकावन्न कमळं, जणू वंदनेलाच, बुद्धमूर्तीकडे झुकली. दिसायला वाईट दिसत नव्हतं. दोन क्षण तर मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी हातही जोडले. पण झुकलेली मेणबत्ती चादरीवर टेकली आणि चादरीनं पेट घेतला.

घाबरू नका, कोणाला काही झालं नाही. यांनी धावत जाऊन पिण्याच्या पाण्याचा माठ उपडा केला, मी सतरंजी टाकली, दोन मिनिटांत सगळं विझलं. चादरीला भोकं पडली, धूर झाला, आणि तेलाच्या कॅनचा वास सगळ्यांच्या कपड्यांना लागला. भंतेजी जागचे हलले नाहीत. धूर विरला तसे शांतपणे म्हणाले, "आजचा विषय आपोआपच पूर्ण झाला." आणि सगळा विहार हसला. वाईट मनानं नाही, आक्का. भंतेजी स्वतःही हसत होते. पण यांनी आयुष्यात कोणाच्या हसण्याचा विषय होईल असं काही केलेलं नव्हतं. हे उठले, ओल्या धोतरानं तसेच मधे उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "चूक माह्यी हाय. म्या पुरतं तपासलं नाही." खाली बसले ते मान वर न करता.

घरी येऊन यांनी मशीनवर जुनी चादर टाकली. प्रमाणपत्र भिंतीवरून काढून कपाटात कपड्यांखाली ठेवलं. तेव्हापासून ओसरीवर त्या झाकलेल्या मशीनसमोर बसतात, कालव्याला पाणी नसलं की उन्हाळ्यात कालव्याच्या काठी बसायचे तसे. जेवायला हाक मारली की येतात, वाढलं ते खातात, मीठ कमी असलं तरी सांगत नाहीत. पस्तीस वर्षांत मीठ कमी असलेलं त्यांनी कधी सोडलं नव्हतं. मग तुमचा फोन आला आणि मान डोलली.

तर असं हे सगळं आहे. मशीननं एक शर्ट घालवला, पावशेर शेवया घालवल्या, विहाराची चादर घालवली (ती मी नवीन शिवून दिली, जुन्या दोन पातळांची, काठ आतून घेऊन) आणि माणसाचं बोलणं घालवलं. तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. मशीन जावं. रविवारी दहाला पुसदचा माणूस येतोच आहे.

घरच्यांना जयभीम सांगा. प्रकृतीला जपा, ओल्या फरशीवरून चालू नका.

तुमची,
सत्यशीला

ता. क. – तेलाच्या बाटलीचं वर लिहिलं आहेच. शिवाय मागच्या दिवाळीला चिवड्याचा डबा पाठवला होता, निळ्या झाकणाचा. मानीबाईंच्या हातीच परत पाठवा. फुटला असला तरी चालेल. फुटला असला तर उलट बरंच आहे.

दुसरा ता. क. – आक्का, मी रोज सकाळी पाच शीलं म्हणते, त्यातलं चौथं खोटं न बोलण्याचं. वरच्या पत्रात मी खोटं काही लिहिलं नाही, पण एक गोष्ट कंसात टाकून पुढे गेले आणि तेव्हापासून पेन नीट चालत नाही. चाचणीचं सांगते. यांनी मला बजावून सांगितलं होतं, एक मेणबत्ती कमळात लाव आणि शेवटपर्यंत जळू दे, पार विझेपर्यंत. आणि हे आंघोळीला गेले. मी बसले. पाव जळली, अर्धी जळली, कमळ जसंच्या तसं. मला वाटलं, झाली की खात्री, दिवसाढवळ्या अख्खी मेणबत्ती कशाला जाळायची? मी फुंकर मारली आणि उरलेली अर्धी डब्यात ठेवली. हे आले, म्हणाले, कसं? मी म्हटलं, चांगली जळत होती. खोटं नव्हतं ते. पण विहारात पहिल्या कमळानं मान टाकली तेव्हा यांनी वळून मला हळूच विचारलं, "ती पुरी जळू देल्ली होती ना व?" मी मान हलवली, नाही म्हणून. आणि त्यानंतर हे उठून उभे राहिले आणि चूक माझी आहे म्हणाले. समजलं का, आक्का? त्यांना माहीत होतं. ज्या माणसानं तीस वर्षांत पाणीपाळीच्या रजिस्टरात एक तास इकडचा तिकडे लिहिला नाही, त्यानं चौथं शील मोडलं. विहारात. भंतेजींसमोर. अर्ध्या मेणबत्तीसाठी. घरी आल्यावरही त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. त्या अर्ध्या मेणबत्तीकडे मला बघवत नाही (ठेवली आहे, लाईट जाते तेव्हा लागेल). येत्या पौर्णिमेला मी स्वतः उभी राहून विहारात हे सांगणार आहे, पण त्याआधी तुम्हाला सांगितलं.

तिसरा आणि शेवटचा – मानीबाईंचे मालक देवीलालभाऊ, ठिबकचं दुकान आहे त्यांचं, मंगळवारी कुंपणावरून मशीनची चादर पाहून थांबले. मी त्यांना आठचे आकडे दाखवले, दोनशे दहावर काढलेले. त्यांनी वाकवून पाहिले, ओढून पाहिले, दगडावर आपटून पाहिले. काळा रंग घाला म्हणाले, उन्हाला टिकतो, आणि मग दोन हजार नग द्या, मी दुकानात ठेवतो. आकड्याजवळ कोणी मेणबत्ती लावत नाही, आक्का. मी यांना सांगितलं तर म्हणाले, आक्काले शब्द देला, आता नाही. मी म्हटलं, आक्कांना विचारते. तर म्हणाले, "आक्का? कुकरचा दांडा हाय तो. काही उपयोग नाही." मी वाद घातला नाही, पण मला तसं वाटत नाही. माझ्या बाळंतपणात मला न विचारता चाळीस दिवस राहिलेली आणि जाताना डिंकाचे लाडू पिठाच्या डब्यात लपवून गेलेली बाई दांड्याच्या जातीची नसते. तुम्ही शेवयांच्याच आहात. फक्त तुम्हाला किती अंश लागतात, तेवढं माझ्या वहीत लिहायचं राहिलं आहे.

म्हणून रविवारी सकाळी फोन करा आणि यांना सांगा, मशीन विकू नको. तुमच्या आवाजात सांगा. आणि नवाच्या आधी करा, विसरू नका, कारण तुमचा फोन आला नाही तरी नऊ वाजता मी चादर काढून हिटर लावणार आहे, आणि दोनशे दहा अंशांवरचं मशीन कोणाच्या बापाला टेम्पोत चढवता येत नाही.